टपालतिकिटांवरील रेखनदोष आणि संग्राहकांची दृष्टी

जुन्या दप्तरांच्या शोधकास कागद, शाई, शिक्का, मोर्तब आणि अक्षराचे वळण या गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. त्यांच्या पंक्तीस टपालाच्या तिकिटास बसविण्यास मात्र आपली मंडळी अजून कचरतात. तिकीट म्हणजे शाळकरी मुलांचा छंद, असा समज आमच्या पिढीत तर फारच दृढ होता. परंतु तिकीट ही एक प्रकारची राजमुद्राच होय. ते सत्तेच्या आज्ञेने कोरले जाते, त्याची किंमत सत्ता ठरविते, आणि त्यावरील प्रत्येक रेषेस सत्तेची संमती आहे असे धरून चालावे लागते. अशा वस्तूवर ढळढळीत चूक राहून जावी, ती लक्षावधी प्रतींनी देशभर पसरावी, आणि पुढे त्या चुकीसाठीच संग्राहकांनी तिच्यावर उड्या घालाव्यात, हा प्रकार नुसत्या मौजेचा नाही. हस्तलिखितांतील अपपाठांचा विचार ज्यांनी केला आहे त्यांस यात आपल्याच विषयाचे एक प्रकरण दिसून येईल. सातारा व सांगली या दोन स्थळांच्या अनुषंगाने त्याचा थोडा ऊहापोह करण्याचे येथे योजिले आहे.

सातारच्या छत्रपतींच्या नावाचे टपालतिकीट उपलब्ध नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज ता. ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले, दत्तक नामंजूर झाला व राज्य खालसा करण्यात आले. हिंदुस्थानातील, किंबहुना साऱ्या आशिया खंडातील, पहिले चिकटविण्याचे तिकीट त्यानंतर चार वर्षांनी, ता. १ जुलै १८५२ रोजी, सिंध प्रांतात निघाले. तथापि या दोन गोष्टींत एक दुवा आहे व तो सातारकरांच्या सहसा ध्यानात येत नाही. सिंधचे तिकीट काढविणारा अधिकारी बार्टल फ्रिअर हा राज्य खालसा होते समयी साताऱ्यास रेसिडेंट होता, नंतर तेथेच कमिशनर झाला, आणि साताऱ्याहून त्याची नेमणूक सिंधवर झाली. कराचीचे पोस्टमास्तर कॉफी यांच्या साह्याने त्याने तेथील डाकेची घडी बसविली आणि अर्ध्या आण्याचे तिकीट चालू केले. ज्या गृहस्थाच्या देखत एक राजमुद्रा विझली त्याच्याच हातून ही नवी मुद्रा प्रचारात आली, हा योग विलक्षण खरा.

या पहिल्याच तिकिटाच्या रचनेत दोष होते. हृदयाच्या आकारात कंपनीची अक्षरे आणि भोवती सिंधच्या डाकेचे नाव, अशी ती उठावाची छाप. प्रथम ती लाखेसारख्या तांबड्या टिकल्यांवर उमटविली. त्या टिकल्या हाताळताच तडकत आणि त्यांचा चुरा होई. मग पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव काढला, तर तो दिव्याच्या उजेडात कारकुनास दिसेना. शेवटी निळा रंग आला. सप्टेंबर १८५४ अखेर हे तिकीट बंद झाले आणि १ ऑक्टोबरपासून सर्व हिंदुस्थानास एकच तिकीट लागू झाले. तांबडी टिकली धड अवस्थेत आज क्वचितच पाहावयास मिळते, आणि जी अशी राहिली आहे तिचे मोल पुष्कळ आहे. म्हणजे ज्या नाजूकपणामुळे ती टपालाच्या कामास नालायक ठरली, तोच नाजूकपणा आज तिच्या दुर्मिळतेस कारण झाला आहे.

साताऱ्याच्या जहागिरदारांपैकी भोरचे पंत सचिव यांनी मात्र स्वतःचे टपालतिकीट काढले. १८७९ च्या सुमाराची अर्ध्या आण्याची व एक आण्याची ही तिकिटे देशी कागदावर हातशिक्क्याने उठविलेली आहेत. कागद कोठे जाड तर कोठे पातळ, मागे खळ नाही, कडांना दाते नाहीत. पुढे १९०१ चे म्हणून जे अर्ध्या आण्याचे तिकीट मिळते त्यावर शंकरराव पंत सचिव यांची छबी आहे. हातशिक्क्याच्या तिकिटाविषयी दोष हा शब्दच नीट लागू पडत नाही. एक छाप दाट, दुसरी फिकी, तिसरी कलती, असे असताना निर्दोष प्रत कोणती म्हणावी? जुन्या पत्रावरील शिक्का किंचित तिरका पडला म्हणून आपण पत्र खोटे म्हणत नाही, तोच न्याय येथेही लावावा. सांगली, मिरज, औंध, फलटण वगैरे संस्थानांनी टपालाची तिकिटे काढली नाहीत, परंतु कोर्ट फीचे मुद्रांक काढले. ते जुन्या फैसल्यांवर व अर्जांवर चिकटलेले अद्यापि सापडतात. त्यांचा स्वतंत्र विचार व्हावयास पाहिजे; येथे तो विषयांतर होईल.

आता मुख्य विषयाकडे वळू. तिकिटावरील चुका जातीने दोन आहेत आणि संग्राहकांच्या बोलण्यात त्यांची नेहमी गल्लत होते. एक छापण्यातली चूक, दुसरी मूळ आकृतीतली. ग्रंथांच्या भाषेत बोलावयाचे तर पहिली लेखकाच्या हातची, दुसरी आदर्श प्रतीतली. लेखकाने एका प्रतीत ओळ गाळली तर दोष त्या प्रतीपुरता राहतो. परंतु ज्या प्रतीवरून सर्वांनी उतरून घेतले तीच चुकलेली असेल तर दोष साऱ्या शाखेत उतरतो. आपल्या पोथ्यांच्या शेवटी शुद्धाशुद्धाची जबाबदारी मूळ प्रतीवर ढकलणारा जो श्लोक लेखक नेमाने लिहीत, त्यात हा भेद त्यांनी आपल्या सोयीपुरता का होईना, बरोबर ओळखला होता.

पहिल्या जातीचे आपल्याकडील सर्वप्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८५४ चे चार आण्यांचे तिकीट. ही तिकिटे कलकत्त्यास सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुइलियर याच्या देखरेखीखाली शिळेवर छापली जात. अर्ध्या आण्याचे तिकीट प्रथम शेंदरी रंगात छापले, परंतु तो रंग पुरेना, म्हणून निळ्या रंगाचा अवलंब करावा लागला. चार आण्यांचे तिकीट दुरंगी: चौकट तांबडी, आत राणीचा मुखवटा निळा. दोन रंगांकरिता दोन शिळा, आणि कागद दोनदा दाबाखाली घालावयाचा. दुसऱ्या खेपेस एखादा ताव उलट्या टोकाकडून घातला गेला की सरळ चौकटीत राणी डोक्यावर उभी! असे काही ताव तपासणीतून निसटले, पोस्टात विकले गेले, पत्रांवर चिकटले आणि शिक्के खाऊन मार्गस्थ झाले. आज जगात माहीत असलेल्या अशा प्रती तिसाच्या आत आहेत आणि त्या सर्व वापरलेल्या आहेत. आश्चर्य हे की, विकणाऱ्याने, चिकटविणाऱ्याने, शिक्का मारणाऱ्याने वा घेणाऱ्याने त्या वेळी याविषयी ब्र काढल्याचे दिसत नाही. कित्येक वर्षे तो प्रकार कोणाच्या लक्षातही आला नव्हता. नव्या वस्तूचे रूप डोळ्यांस परिचित होण्यापूर्वी तिचे विरूप ओळखू येत नाही, हेच खरे.

संस्थानी तिकिटांवरील जादा छापांत तर अशा चुकांचा सुकाळच आहे. इंग्रज सरकारच्या तिकिटावर संस्थानाचे नाव वरून छापीत, त्यासाठी शिशाचे खिळे जुळवीत, आणि खिळा मागेपुढे झाला की चंब्याचे 'च्मबा' होई. या चुकांना संग्राहक हजारो रुपये मोजतात. मोजोत बापडे. आमच्या मते त्यांचे ऐतिहासिक मूल्य बेताचेच आहे. खिळे जुळविणाऱ्यास त्या दिवशी झोप आली होती, यापलीकडे त्या फारसे सांगत नाहीत.

दुसऱ्या जातीच्या चुकीचे खरे नामांकित उदाहरण स्वराज्यातले आहे. ता. १५ ऑगस्ट १९४९ रोजी हिंदुस्थान सरकारने प्राचीन वास्तू व शिल्पे यांची सोळा तिकिटांची माला काढली. तीत अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, घारापुरीची त्रिमूर्ती, नटराज, सांचीचे तोरण, विजापूरचा गोलघुमट इत्यादी विषय होते. नाशिक येथील सरकारी छापखान्याचे हे काम एकंदरीत देखणे होते. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती. हे तिकीट त्या काळी सर्वांच्या हातातले; आणि नेमके तेच चुकले. मूर्तीचे चित्र उजवे-डावे उलटून छापले गेले होते. मूळ शिल्पात उजवा हात पसरलेला, तिकिटावर तो डावा झाला. चूक ध्यानात आल्यावर आकृती सुधारण्यात आली व ता. १५ जुलै १९५० रोजी मूर्ती सुलट करून तेच तिकीट पुन्हा काढण्यात आले. म्हणजे अकरा महिने डाव्या हाताचा बोधिसत्त्व साऱ्या देशाची पत्रे वाहून नेत होता.

अशी चूक कशी होते हे छापण्याच्या विद्येचा गाभा जाणल्यावाचून कळत नाही. छाप सुलट पाहिजे तर ठसा उलट कोरावा लागतो. आमच्या प्रांतात ही विद्या नवी नव्हे. मोर्तब व शिक्के कोरणारे कारागीर अक्षरे उलटीच कोरीत. १८०५ साली मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, तिची सातशे श्लोकांची अक्षरे कोरणाऱ्याने आरशात पाहावी तशी उजवीकडून डावीकडे उतरली असली पाहिजेत. तेथे गफलत झाली तर ती तात्काळ उघडी पडते, कारण उलटे अक्षर वाचता येत नाही. चित्राचे तसे नाही. फोटोची काच पालथी धरली तरी चित्र चित्रच राहते. डोंगर डोंगर दिसतो, झाड झाड दिसते, आणि माणूसही माणूसच दिसतो. उलटलेले चित्र स्वतः होऊन आपली चूक सांगत नाही. ती सांगण्यास मूळ वस्तू किंवा तिचे शास्त्र जाणणारा माणूस लागतो.

आणि शास्त्राच्या दृष्टीने ही चूक क्षुल्लक नाही. आपल्या मूर्तिविधानात दान व अभय ही उजव्या हाताची कर्मे होत. चतुर्भुज विष्णूची गोष्ट घ्या. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे चार हातांत मांडण्याचे प्रकार गणिताने चोवीस होतात, आणि केशवापासून कृष्णापर्यंत नावेही चोवीस. प्रत्येक मांडणीस एक नाव. म्हणून विष्णूची मूर्ती जर कोणी अशी पालथ्या काचेने छापली, तर हात आणि आयुधे सर्व शाबूत राहूनही देवच बदलेल: एका नावाची मूर्ती दुसऱ्या नावाची होऊन बसेल. आणि सांगलीत कृष्णाकाठच्या गणपतीचे चित्र कोणी उलट छापून विकावयास ठेवले असते, तर अकरा महिने कशाला, अकरा घटकांत भाविकांनी दुकानदारास जाब विचारला असता, कारण सोंड कोणीकडे वळते हे तेथील शेंबडे पोरही जाणते. बोधिसत्त्वाचे उपासक या देशात त्या वेळी विरळ. चूक इतके दिवस टिकली याचे कारण कदाचित येथेच असेल.

नाण्यांच्या संग्राहकांस या संदर्भात १९११ चा रुपया आठवेल. पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावरील साखळीत हत्ती कोरला होता. पण सोंड आखूड व पाय ठेंगणे पडल्यामुळे तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमान समाजात त्याविषयी क्षोभ झाला, बहुतेक नाणी टांकसाळीतच थांबवून वितळविण्यात आली व १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारली. येथे चूक ताबडतोब पकडली गेली, कारण पाहणाऱ्याच्या श्रद्धेशी तिची गाठ होती. शिवराईचा प्रकार याच्या अगदी उलट. 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' ही अक्षरे त्या पैशावर किती परींनी उमटली आहेत! ऱ्हस्व-दीर्घ बदललेले, 'श' चा 'स' झालेला, एखादे अक्षर अर्धवट. त्यावरून कोणी पैसा परत केला नाही. आज मात्र हेच पाठभेद शिवराईच्या संग्राहकांस ठशांची परंपरा लावण्यास उपयोगी पडतात.

परदेशांतील अशा चुकांची यादी लांबलचक आहे. दोनचार सांगून पुढे जाऊ. सेंट किट्स-नेव्हिस बेटांच्या १९०३ च्या तिकिटावर कोलंबस दुर्बिणीतून किनारा न्याहाळतो आहे. तो १५०६ साली वारला आणि दुर्बीण सतराव्या शतकाच्या आरंभाची. मोनाको राज्याने १९४७ साली रूझवेल्ट आपल्या तिकिटांच्या संग्रहात रमलेले दाखविले, तो त्यांच्या हातास सहा बोटे निघाली. पूर्व जर्मनीने १९५६ मध्ये शूमान या संगीतकाराच्या पुण्यतिथीच्या शताब्दीस तिकीट काढले आणि त्याच्या मागे स्वरलिपी शूबर्टची छापली. त्याच वर्षी ती सुधारून पुन्हा काढावी लागली. या चुका छापखान्यातल्या कामगाराच्या नव्हेत, शिकल्यासवरलेल्या माणसांच्या आहेत. तिकीट मंजूर होण्यापूर्वी किती जणांच्या नजरेखालून जाते! इतक्या नजरा एकाच ठिकाणी आंधळ्या कशा झाल्या, हा विचारच पाहणारास खिळवून ठेवतो.

आयुष्याची पस्तीस वर्षे तांबड्या शाईने इतरांच्या चुका खोडण्यात घालविलेल्या माणसाने चुकांची थोरवी गावी, हे काही विद्यार्थ्यांस विपरीत वाटेल. परंतु निबंधातील चूक सुधारावयाची असते आणि साधनातील चूक जतन करावयाची असते. डॉ. सुखटणकरांच्या नेतृत्वाखाली भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पद्धतीचा एक आधार हाच आहे: शुद्ध पाठ दोन प्रतींत सारखा असला म्हणून त्यांचे नाते सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ सर्वत्रच असू शकतो; परंतु एखादा विवक्षित अपपाठ दोन प्रतींत सारखा आढळला तर त्या एका मातेच्या लेकी होत. चूक ही वंशाची खूण आहे. तिकिटांच्या अभ्यासकांनी शिळा, ठसे व छपाईच्या खेपा यांचा जो क्रम लावला आहे, तोही रेषेतील बारीकसारीक व्यंगांवरूनच लावला आहे. शुद्ध तिकीट मुके असते.

संग्राहकांच्या लोभाचे मूळ मात्र बहुधा इतके शास्त्रीय नसते. दुर्मिळता हे त्याचे एक कारण. अमेरिकेत १९१८ साली उलट्या विमानाच्या शंभर तिकिटांचा एकच ताव पोस्टाच्या खिडकीतून चोवीस डॉलरांस विकला गेला, त्यातील एकेका तिकिटाने पुढे सधन माणसांस वेड लावले. दुसरे कारण, बलाढ्य सरकारही चुकते हे आपल्या पेटीत ठेवून अधूनमधून पाहण्याचे सुख. हे सुख सरकारांस रुचत नाही. १९६२ मध्ये हॅमरशील्ड यांच्या स्मारक-तिकिटात पिवळा रंग उलटा पडला, तेव्हा अमेरिकेच्या पोस्टखात्याने तीच चूक मुद्दाम कोट्यवधी प्रतींत छापून तिची दुर्मिळता बुडविली. चुकीची ही जाणूनबुजून काढलेली पुनरावृत्ती आम्हांस मूळ चुकीहून गर्ह्य वाटते. जुन्या पोथीतील खाडाखोड पाहून दुसऱ्या शंभर पोथ्यांत तशीच खाडाखोड करून ठेवावी, त्यातलाच हा प्रकार. आणि लोभ आला की कूटकर्म येते. १८५४ च्या खऱ्या तिकिटातील मुखवटा खरवडून उलटा बसविण्याची खटपट करणारे लोक बनावट सनदा करणाऱ्यांचेच भाऊबंद होत. कागदाचा पोत व शाईची बैठक पाहणारा डोळा दोघांसही सारखाच भिववितो.

खरी हानी मात्र कूटकर्त्यांपेक्षा कात्रीने अधिक केली आहे, आणि हे आम्ही सातारा व सांगली येथील घरे पाहूनच लिहितो. वाईस राजवाड्यांस दप्तर सापडले, मिरजेस शाळेची नोकरी सांभाळून खरेशास्त्र्यांनी पटवर्धनी कागद प्रसिद्ध केले, साताऱ्यास पारसनिसांनी संग्रह उभारला. त्यामुळे पेशवाईच्या कागदांस किंमत आहे हे आता घरोघर ठाऊक झाले आहे. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील पत्रांना ते भाग्य लाभलेले नाही. सांगलीतील एका घरी आम्हांस पत्रांचा एक गठ्ठा दाखविण्यात आला. पाकिटे शंभरावर होती आणि प्रत्येकाचा उजवा कोपरा चौकोनी कापलेला! घरातील कोण्या मुलाने तिकिटे जमविली, पाण्यात भिजवून सोडविली व वहीत डकविली. वही पुढे हरवली. पाकिटे राहिली, पण तिकिटाबरोबर पोस्टाचा शिक्का गेला, शिक्क्याबरोबर गाव व तारीख गेली. आणि कित्येक पत्रांत लिहिणाराने तिथी घातलेली असली तरी शक घातलेला नसल्यामुळे ती आता कोणत्या वर्षाची हे सांगणे कठीण झाले आहे. कापलेल्या तिकिटांपैकी बहुतेकांची बाजारात किंमत कवडीची असणार. त्यांच्यापायी जे गेले ते मोजता येत नाही.

डाव्या हाताच्या बोधिसत्त्वाविषयीच पाहा. तो अकरा महिने छापला गेला असल्यामुळे दुर्मिळ नाही. सुटे तिकीट कोणत्याही व्यापाऱ्याकडे मिळेल. परंतु सुधारलेले तिकीट निघाल्यावर जुने किती दिवस चालत राहिले, शहरात ते लवकर संपले की खेड्यांच्या पोस्टांत पडून राहिले, हे सुट्या तिकिटावरून कळणार नाही. ते पाकिटावरच्या शिक्क्यानेच ठरेल. आपल्या भागास त्यात आणखी एक सोय आहे. सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा ऑगस्ट १९४९ मध्येच, म्हणजे ज्या महिन्यात हे तिकीट निघाले त्याच महिन्यात, अस्तित्वात आला, व त्यास सांगली हे नाव मिळाले ते नोव्हेंबर १९६० मध्ये. तेव्हा पत्त्यात 'जिल्हा दक्षिण सातारा' आणि कोपऱ्यात उलटलेली मूर्ती, असे पाकीट ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते न कापता, न भिजविता, आतील पत्रासह तसेच ठेवावे, व निदान शिक्क्यावरील गाव आणि तारीख टिपून मंडळाकडे कळवावी. पंचवीस-तीस पाकिटांची नोंद झाली तरी १५ जुलै १९५० नंतरचा हिशेब मांडता येईल.